पुनरुत्थान आणि पुनर्जन्म : ख्रिस्ती श्रद्धा नेमकी कशावर उभी आहे?

(नंदुरबार जिल्ह्यात झालेल्या एका सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन घेतले आहेत.)



मी एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. तिथे दर वर्षी ईस्टरच्या आसपास कुणीतरी मुलगा मला हमखास विचारायचा, "सर, तुमचं ते पुनरुत्थान म्हणजे आमचा पुनर्जन्मच ना? शब्द वेगळा, गोष्ट एकच." विचारणाऱ्याचा हेतू चांगला असायचा. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असं त्याला म्हणायचं असायचं. मी 'हो' म्हटलं असतं तर विषय प्रेमाने मिटला असता. पण 'हो' म्हणता येत नाही, आणि का म्हणता येत नाही तेच आज सांगणार आहे. सुरुवातीलाच सांगतो, मी ख्रिस्ती घरातला आहे, पण इथे उपदेश करायला उभा नाही. तुम्ही विश्वास ठेवा असं मी सांगणार नाही. ज्यांचा आहे, त्यांचा तो कशावर आहे, एवढं समजून घेऊ.

आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करू. प्रकाशा तुम्हा सर्वांना माहीत आहे. तापीकाठचं, दक्षिण काशी म्हणतात ते. घरातलं माणूस गेलं की लांबलांबून लोक अस्थी घेऊन तिथे येतात, दशक्रिया करतात, अस्थी नदीत सोडतात. त्या विधीमागचा विचार स्पष्ट आहे. शरीर पंचमहाभूतांचं होतं, ते पंचमहाभूतांना परत दिलं. आत्म्याचा प्रवास पुढे चालू आहे, त्याला आता या देहात अडकवू नये. सातपुड्याच्या आणि नवापूरच्या पट्ट्यात आदिवासी कुटुंबांची रीत निराळी. कुठे जाळतात, कुठे पुरतात, आणि कित्येक ठिकाणी गेलेल्या माणसाच्या नावाने दगड किंवा कोरलेला खांब उभा करतात. तिथे विचार असा की पूर्वज कुठे लांब गेलेला नाही, तो शिवारातच आहे, त्याचा मान ठेवला पाहिजे.

आता तिसरं दृश्य. ईस्टरची पहाट. अजून अंधार आहे. आदल्या दिवशी आम्ही दफनभूमीतलं गवत काढलंय, कबरींना चुना लावलाय. हवेत मोहाच्या फुलांचा वास आहे. मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरींच्या मधोमध उभी राहून गाणी म्हणतात आणि सूर्य वर येण्याची वाट बघतात. लहानपणी मला हे फार विचित्र वाटायचं. आनंदाचा सण, मग तो कबरस्तानात कशाला? लग्न कुणी स्मशानात लावतं का? पुढे कळलं की सगळा मुद्दा त्या जागेतच आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक तेव्हाच्या पश्चिम खानदेशात आले. त्यांच्यामागून इथल्या कितीतरी भिल्ल, मावची, गावित घरांमध्ये हा सण रुजला. पण तो आला, तो मृत्यूबद्दलचं एक वेगळंच म्हणणं घेऊन.

ते म्हणणं काय, हे शब्दातच बघा. पुनर्जन्म म्हणजे पुन्हा जन्म. आई नवी, शरीर नवं, नाव नवं, मागचं काही आठवत नाही. पुनरुत्थान म्हणजे पुन्हा उत्थान, पुन्हा उभं राहणं. मूळ ग्रीक शब्द आहे 'अनास्तासिस', त्याचाही अर्थ उठून उभं राहणं असाच. जो आडवा झाला, तोच उभा राहिला. दुसरा कुणी नाही. आपल्या मराठी भाषांतरकारांनी शब्द अगदी नेमका निवडला. अडचण अशी की तो ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून 'पुनर्जन्म' बसलेला असतो, त्यामुळे 'पुनर्' ऐकलं की पुढचं ऐकूच येत नाही. त्यात आम्ही ख्रिस्ती लोक स्वतःच गोंधळ वाढवतो. आमच्याकडे साक्ष देताना माणूस उभा राहून सांगतो, "अमुक साली माझा नवा जन्म झाला." त्याला म्हणायचं असतं, मी पश्चात्ताप केला, माझं जगणं बदललं. तेही याच देहात, याच आयुष्यात. बाहेरच्या माणसाने ऐकलं की त्याची खात्रीच पटते, की हे बघा, यांच्यातही पुनर्जन्म आहेच.

म्हणजे तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. पुनर्जन्म तर नाहीच. मेलेला माणूस पुन्हा जिवंत होऊन घरी आला आणि काही वर्षांनी परत मेला, तेही पुनरुत्थान नाही. बायबलमध्ये लाजराची गोष्ट आहे, येशूने त्याला कबरीतून बोलावलं. पण लाजर पुढे केव्हातरी मेलाच असणार. त्याला फक्त मुदत वाढवून मिळाली. आणि तिसरं, आत्म्याचं अमरत्व. हे सांगितलं की ख्रिस्ती लोकसुद्धा चमकतात. आमच्या अंत्यविधीत उपदेशक सर्रास सांगतात, "देह इथे राहिला, आत्मा देवाघरी गेला." एवढ्यावर थांबलं तर ते वाक्य ग्रीक तत्त्वज्ञ मान्य करेल, आपल्याकडचा कीर्तनकारही मान्य करेल. त्यात ख्रिस्ती असं काही उरत नाही. प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणून जे आम्ही दर रविवारी म्हणतो, त्याच्या शेवटाकडे स्पष्ट येतं ते शरीराचं पुनरुत्थान. शरीराचं! पाठ असतं म्हणून लक्ष जात नाही.

पहिल्या ऐकणाऱ्यांनाही ते पचलं नव्हतं. पौल अथेन्सला गेला. तिथले विद्वान लोक त्याचं बोलणं शांतपणे ऐकत होते. देव एक आहे, तो हातांनी बांधलेल्या मंदिरात राहत नाही, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मेलेल्यांतून उठण्याचा विषय निघाला आणि काही जण हसू लागले. बाकीचे म्हणाले, याबद्दल पुन्हा केव्हातरी ऐकू. 'पुन्हा केव्हातरी' म्हणजे काय ते सभासंमेलनांत बसणाऱ्यांना सांगायला नको. त्यांच्या दृष्टीने शरीर हा तुरुंग. सुटका झाल्यावर कैद्याला पुन्हा तुरुंगात का घालायचं? आपल्याकडेही देहाला वस्त्राची उपमा आहे, जुनं टाकायचं, नवं घ्यायचं. वस्त्राचं पुनरुत्थान कशाला हवं?

तर हा पौल. त्याने करिंथ शहरातल्या मंडळीला साधारण इ.स. 55 च्या सुमारास एक पत्र लिहिलं. येशूला क्रुसावर देऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. करिंथच्या काही ख्रिस्ती लोकांचं म्हणणं पडलं, की येशूवर आमची श्रद्धा आहे, पण मेलेले उठतात वगैरे काही नाही. पौल तिथे तडजोड करत नाही. पत्राच्या पंधराव्या अध्यायात त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मेलेले उठत नसतील, तर ख्रिस्तही उठला नाही. तो उठला नसेल, तर आम्ही जे सांगत फिरतो ते पोकळ आहे, तुमची श्रद्धा वाया आहे, आम्ही देवाबद्दल खोटी साक्ष देणारे ठरतो, तुम्ही अजून तुमच्या पापांतच आहात, आणि जे गेले ते कायमचेच गेले. मग सगळ्या जगात कीव करावी असे आम्हीच.

यातलं धाडस बघा. कुठला धर्मप्रचारक स्वतःहून सांगतो, की ही एक गोष्ट खोटी निघाली तर आमचं सगळं दुकान बंद करा? साधारणपणे आपण मागे सरकायला जागा ठेवतो. 'घटना झाली नसेलही, पण तात्पर्य तर चांगलं आहे ना.' पौल ती जागा स्वतःच बुजवून टाकतो. कोणाकोणाला तो दिसला याची यादीही देतो, एका वेळी पाचशेहून जास्त जणांना दिसला म्हणतो, आणि त्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत असंही जोडतो. म्हणजे, जाऊन विचारा.

इथे मी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडं थांबतो. ही घटना झाली हे इतिहासाच्या साधनांनी सिद्ध होत नाही, आणि सिद्ध झाल्याचा दावा करणाऱ्या पुस्तिकांपासून जरा सावध राहावं. शिष्यांनीच प्रेत पळवलं, हा आरोप त्याच काळात होत होता आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात तो नोंदलेलाही आहे. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चारही शुभवर्तमानांत रिकामी कबर पहिल्यांदा पाहतात त्या स्त्रिया. मग्दालीया मरीयेचं नाव चारही ठिकाणी आहे. त्या काळी बाईची साक्ष ग्राह्य धरू नये, असं जोसेफस हा ज्यू इतिहासकार लिहितो. गोष्ट रचायचीच होती तर रचणाऱ्याने दोन प्रतिष्ठित पुरुष उभे केले असते. याने घटना सिद्ध होत नाही. सांगणारे सोयीचं तेवढंच सांगत नव्हते, इतकंच दिसतं.

बरं, उठलेलं शरीर कसं असेल? करिंथकरांनी हाही प्रश्न विचारला होता, आणि पौलाने उत्तर दिलं ते शेतकऱ्याचं. नवापूरची तूरडाळ घ्या, भौगोलिक मानांकन मिळालेली. आपण जूनमध्ये मातीत काय टाकतो? एक दाणा. वर काय येतं? पुरुषभर उंचीचं झाड, पिवळी फुलं, शेंगा. दाणा आणि झाड सारखे दिसतात का? अजिबात नाही. पण तुरीच्या दाण्यातून ज्वारी आली, असं कधी झालंय का? तेही नाही. जे पेरलं तेच आलं, पण पेरलं तसं आलं नाही. पौलाची उपमा ही अशी आहे. दाण्याचं दाणेपण मातीत संपतं, आणि जे येतं ते त्याचंच असतं. पुनर्जन्मात सातत्य असतं ते कर्माचं. इथे सातत्य त्या माणसाचं आहे.

शुभवर्तमानांतल्या गोष्टी याच दोन टोकांमध्ये फिरतात. मरीया येशूला ओळखत नाही, तिला तो बागेतला माळी वाटतो. त्याने नावाने हाक मारल्यावर ती ओळखते. दारं बंद असताना तो आत येतो, पण भूत नाही हे दाखवायला भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. (तापीकाठच्या लोकांना हा पुरावा लगेच पटावा.) आणि थोमाला तो जखमा दाखवतो. मला स्वतःला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. उठलेल्या शरीरावर खिळ्यांचे वण आहेत. दैवी सामर्थ्याने उठला तर वण पुसायला काय लागत होतं? पण ते तसेच आहेत. जे सोसलं ते झालंच नाही, असं पुनरुत्थान म्हणत नाही.

आता महाराष्ट्रात येऊ. येशूबद्दल आदर असणाऱ्यांची आपल्याकडे कधीच कमतरता नव्हती. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त, 1873 साली, येशूला बळीराजाच्या पंक्तीला बसवलं, दीनांचा कैवारी म्हणून. दिवाळीच्या पाडव्याला बळीचं राज्य येवो म्हणणाऱ्या समाजाला हे नातं पटकन कळतं. मुंबईत 1867 साली प्रार्थना समाज निघाला. त्या मंडळींनी येशूला नीतीचा मोठा शिक्षक मानलं, पण अवतार आणि चमत्कार बाजूला ठेवले. गांधीजी तर म्हणायचे, की येशू नावाचा माणूस झालाच नव्हता असं कुणी सिद्ध केलं, तरी डोंगरावरचं प्रवचन माझ्यासाठी खरंच राहील. हे सगळे थोर लोक, आणि त्यांचं प्रेम खरं. पण तिघांच्याही येशूला ईस्टरची गरज नाही. गुरुवारपर्यंतची शिकवण आणि शुक्रवारचं बलिदान, बस्स. गुरू गेला, शिकवण राहिली. शिक्षक म्हणून हे पुरेसं आहे. पायथागोरस मेला तरी त्याचा सिद्धांत खरा राहतोच.

याच्यासमोर नारायण वामन टिळक ठेवा. नाशिकमध्ये वाढलेले, 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, संतांच्या अभंगांवर पोसलेले कवी. टिळकांचा ख्रिस्त भक्तीचा विषय आहे. सखा आहे, आई आहे, त्याच्याशी बोलता येतं, भांडता येतं. आता विचार करा, मेलेल्या शिक्षकाच्या आठवणीवर भक्ती उभी राहत नाही. वारकऱ्याला विठोबा आज, आत्ता विटेवर उभा हवा असतो. ख्रिस्ती भक्तीलाही समोर कुणीतरी जिवंत लागतो. टिळकांनी हाती घेतलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागे पुढे लिहीत नेलं. त्याच्याही तीनशे वर्षं आधी, 1616 साली, गोव्यात राचोलला फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. ओव्यांमधलं, मराठीतलं. त्याचा शेवटही क्रुसाशी होत नाही, गोष्ट पुनरुत्थान आणि स्वर्गारोहणापर्यंत जाते. पुराण सांगायचं तर ते पुरं सांगायला हवं, हे त्या इंग्रज पाद्र्याला कळलं होतं.

रविवारची गोष्टही यातलीच. पहिले ख्रिस्ती ज्यू होते, त्यांचा पवित्र दिवस शनिवार. हजारो वर्षांचा शब्बाथ असताना त्यांच्यातले लोक रविवारी पहाटे जमू लागले, कारण उठल्याचा दिवस तो. आमच्यासाठी दर रविवार हा छोटा ईस्टरच आहे. गंमत म्हणजे मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, ती खंडोबाचा वार म्हणून. 1890 साली ती मिळाली. एकाच सुट्टीवर दोन देवांचा हक्क!

शरीर उठणार, या विश्वासाचा व्यवहारात काही परिणाम होतो का? व्हायला हवा. शरीर टाकाऊ नसेल, तर आजारी शरीरही टाकाऊ नाही. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशनचं हॉस्पिटल 1940 च्या दशकात उभं राहिलं, त्यामागे अनेक कारणं असतील, पण हा विचारही होता. आत्माच वाचवायचा असता, तर प्रवचनं पुरली असती. अर्थात, सेवेला हीच श्रद्धा लागते असं म्हणायची सोय नाही. बाबा आमट्यांचं आनंदवन यातल्या कशावर उभं नव्हतं. मी एवढंच म्हणतो, की पुनरुत्थान मानणारा माणूस रुग्णाच्या देहाकडे दुर्लक्ष करत असेल, तर तो स्वतःच्याच विश्वासाच्या विरुद्ध वागतो.

आणि शोकाचं काय? आपल्या जिल्ह्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्या तुम्ही वाचता. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर लहान मुलं गेलेली घरं आहेत. अशा घरात जाऊन आमचे काही लोक सांगतात, "रडू नका, बाळ देवाजवळ आहे." मला याचा राग येतो. येशू लाजराच्या कबरीपाशी गेला आणि रडला, आणि काही क्षणांत आपण त्याला उठवणार हे माहीत असताना रडला. बायबल मृत्यूला मित्र म्हणत नाही, मुक्तीही म्हणत नाही. पौल त्याला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूने घर लुटलं तर रडायचं नाही? ख्रिस्ती माणसाला एवढंच म्हणता येतं, की जे मूल गेलं तेच मूल, त्याच्याच नावाने हाक मारता येईल असं, परत उभं राहील अशी आम्हाला आशा आहे. ही आशा मोठी आहे. म्हणूनच ती खोटी ठरली तर फसवणूकही तितकीच मोठी. पौलाने कीव करावी असे म्हटलं, ते याच अर्थाने.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : मुसलमानही कयामत मानतात. मग फरक काय?

– चांगला प्रश्न. मेलेले उठतील आणि न्याय होईल, हे इस्लाममध्ये आहेच. ज्यू परंपरेतही आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएली रोजच्या प्रार्थनेत मेलेल्यांना उठवणाऱ्या देवाची स्तुती करतात. कबरस्तानाला ज्यू लोक 'बेत हाईम' म्हणतात, म्हणजे जिवंतांचं घर! तेव्हा ही आशा एकट्या ख्रिस्ती लोकांची नाही. फरक वेळेचा आहे. शेवटच्या दिवशी जे सगळ्यांचं व्हायचं, ते एकाच्या बाबतीत मधेच होऊन गेलं, असं ख्रिस्ती म्हणतात. पौल त्याला प्रथमफळ म्हणतो. शेतातलं पहिलं कणीस हातात आलं, की बाकीचं पीक येणार हे कळतं. कुराणाच्या मते येशूला क्रुसावर मारलंच गेलं नाही, त्यामुळे तिथे या घटनेचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : शरीर उठणार म्हणूनच पुरण्याचा हट्ट असतो का? जाळलेल्या माणसाचं काय? गावात जागेवरून भांडणं होतात.

– देवाला हाडं सापडायला हवीत म्हणून पुरत नाहीत. इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियोन शहरात ख्रिस्ती लोकांना मारलं, त्यांची प्रेतं जाळली आणि राख ऱ्होन नदीत टाकली. मारणाऱ्यांचा विचार असा, की आता बघू हे कसे उठतात ते. उरलेल्या ख्रिस्ती लोकांचा विश्वास त्याने हलला नाही. ज्याने मातीतून केलं, त्याला राखेतूनही करता येईल, असा त्यांचा साधा हिशेब. कॅथलिक चर्चने 1963 पासून दहनाला परवानगी दिली आहे. फक्त राख विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, असं 2016 मध्ये सांगितलं. तेव्हा पुरणं ही अट नाही, ती खूण आहे. दाणा पेरल्याची खूण.

जागेचा प्रश्न मात्र खरा आणि दुखरा आहे. 2025 च्या जानेवारीत बस्तरमधल्या एका ख्रिस्ती माणसाचं प्रेत जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होतं, कारण त्याच्या गावात पुरायला विरोध झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, आणि शेवटी गावापासून दूर असलेल्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायचं ठरलं. त्या मुलाला बापाच्या उठण्याची काळजी नव्हती. त्याला आपला बाप आपल्या माणसांशेजारी हवा होता. खांब उभा करणाऱ्या आदिवासी घराला ही भावना माझ्यापेक्षा जास्त कळेल. हा प्रश्न धर्मशास्त्राने सुटणार नाही. तो गावाने एकत्र बसून सोडवायचा आहे.

प्रश्न : सर, तुमचा स्वतःचा विश्वास आहे का? खरं सांगा.

– (हसून) इतका वेळ टाळत होतो. आहे. रोज सारखा नसतो. माझी धाकटी बहीण मी सहावीत असताना गेली. त्या दिवशी कुणी काय सांगितलं ते मला आठवत नाही. तिची कबर छोटी आहे, चुन्याला अर्धा डबा पुरतो. त्या पहाटे मी तिथेच उभा असतो, कधी गाणं म्हणतो, कधी नुसता उभा राहतो. यंदाही जाणार आहे.